बोटीवरचं बिऱ्हाड

सांगवीला समुद्र नाही. मुळा आहे, पवना आहे, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या घरांत शिरणारा पूर आहे. पाण्याशी आमचा संबंध एवढाच. तरीही नव्या सांगवीत आणि पलीकडे पिंपळे गुरवात ‘बोटीवर’ असलेल्यांची घरं बरीच निघतील. 1998 मध्ये तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीला तोलाणी मेरिटाइम इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि एरवी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लागली असती अशी काही मुलं इंजिन रूमकडे वळली. आता त्यांची लग्नं झालीत, मुलं झालीत, आणि त्यांच्या बायका जिन्यात गाठून मला विचारतात, ‘काकू, पोरांना घेऊन सेलिंगला जाऊ का?’ आमचे हे चीफ इंजिनिअर होते. दोन्ही मुलांना घेऊन मी त्यांच्याबरोबर एक लांबचं सेलिंग केलं, तेव्हा थोरली पाचवीत होती आणि धाकटा दुसरीत. जिन्यात उभ्यानं सांगून होत नाही, म्हणून हे.

1. जग दाखवायला नेत असाल, तर त्यापेक्षा केसरी टूर्सचं तिकीट काढा.

आम्ही बोट धरली मुरगावला, डिसेंबर 1997 मध्ये. मांडवी आणि जुवारीतून बार्जेस लोहखनिज घेऊन खाली येत होत्या आणि बोट भरत होती. तिथून जपान. जपानहून रिकाम्या बोटीनं पॅसिफिक ओलांडून पनामा, मग मिसिसिपी नदीत मका भरायचा, तो इजिप्तला अलेक्झांड्रियात उतरवायचा, आणि पुढे सुएझ. ही यादी ऐकून शेजारीण म्हणाली, ‘अर्धं जग झालं की हो!’ झालं खरं. पण बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारी बोट, गावात लागत नाही, गावाबाहेर लागते. आमचं जपान म्हणजे पोलाद कारखान्याचा धक्का, सगळ्यांवर बसलेली तांबडी धूळ आणि एजंटाच्या गाडीतून एका संध्याकाळी पाहिलेलं सुपरमार्केट. अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे नव्हता, त्यामुळे अमेरिका गँगवेच्या वरच्या पायरीवरून बघितली. रिकामी बोट पाण्यावर उंच असते, म्हणून पहिल्या दिवशी नदीच्या बांधापलीकडची घरं, अंगणं, वाळत घातलेले कपडे सगळं दिसत होतं. मका भरत गेला तशी बोट खाली बसत गेली आणि अमेरिका बांधाआड गेली.

त्यात इंजिनिअरच्या घरच्यांचं आणखी एक दुखणं. समुद्रात इंजिन चालू असतं तेव्हा बरीच दुरुस्ती करता येत नाही. ती बंदरात करायची. तेल भरून घ्यायचं तेही बहुधा तिथंच. म्हणजे बंदर आलं की बाबा दिसेनासा.

मग मुलांनी पाहिलं काय? तर बाबाला पाहिलं. घरी सुटीवर यायचे तेव्हा हे पाहुणे असायचे. उशिरा उठायचे, आवडीचं जेवायचे, गॅसचं पुस्तक कुठल्या खणात असतं ते विचारायचे. धाकट्याच्या मते बाबाचं काम म्हणजे चॉकलेट आणणं. बोटीवर त्यानं बघितलं की रात्री केबिनमधलं अलार्म पॅनेल वाजतं, बाबा दिवा न लावता उठतो, अक्षरं वाचतो, फोनवर दोन शब्द बोलतो आणि एकतर परत झोपतो, नाहीतर बॉयलर सूट चढवून खाली जातो. खाली म्हणजे कुठे, तेही एकदा दाखवलं. कानांवर मफ, हातात हातमोजे, तीन मजली उंच मुख्य इंजिन, आणि अंगावर येणारी धग. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांनी. अंगठा खाली केला की बंद, मनगट फिरवलं की उघड. पुढे कित्येक महिने सांगवीत जेवताना धाकटा वरणाची वाटी असल्याच खुणांनी मागत असे.

2. कागदपत्रं वेळेत करा.

बायकोमुलांची नावं ‘सुपरन्यूमररी’ म्हणून बोटीच्या कागदांवर चढतात. मेडिकल लागतं, हमीपत्र लागतं, यलो फीव्हरची लस लागते. ती टोचल्यावर दहा दिवसांनी लागू धरतात, तेव्हा आदल्या आठवड्यात धावू नका. घरच्यांना नेण्याची परवानगी बहुतेक ठिकाणी वरच्या हुद्द्यालाच मिळते आणि मुलांच्या वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी. थर्ड इंजिनिअरच्या बायकोनं थोडं थांबावं.

3. घरच्या म्हाताऱ्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका.

माझ्या सासूबाई अलिबागकडच्या. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या भागात आजही ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. सासूबाईंच्या माहेरच्या आळीत त्या दिवशी रडारड झालेली त्यांनी लहानपणी बघितलेली होती. ‘तू जा, पोरांना ठेव,’ एवढंच त्या म्हणत राहिल्या. यांनी वाद घातला नाही. मुरगावला त्यांना बोटीवर आणलं आणि थर्ड ऑफिसरला म्हणाले, आईंसमोर पोरांना लाइफ जॅकेट घालून दाखवा. त्यानं लहान मापाची दोन जॅकेटं आणली, पट्टे आवळले, शिट्टी कुठे, दिवा कुठे ते दाखवलं. मग सात लहान आणि एक लांब भोंगा झाला की सगळं टाकून मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, पळायचं, हे मुलांकडून घोकून घेतलं. सासूबाईंनी स्वतः पट्टा ओढून बघितला. गाठ त्यांना पसंत पडली.

पुढे दर ड्रिलला मुलं सगळ्यांच्या आधी हजर. लाइफबोटीत बसल्यावर थोरलीला तिथल्या बिस्किटांची फार उत्सुकता. मुदत संपलेली पाकिटं बदलताना थर्ड ऑफिसरनं तिला एक दिलं. पुन्हा तिनं मागितलं नाही.

4. बोट किती हलेल ते समुद्राइतकंच मालावर असतं.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लोहखनिज फार जड. थोड्या जागेत मावतं आणि सगळा भार तळाशी बसतो. अशी बोट कलली की लगेच, झटक्यानं सरळ होते; पुन्हा कलते, पुन्हा झटका. दक्षिण चीन समुद्रात हिवाळी वारे समोरून येत होते, त्यात हे झटके. मी अ‍ॅव्होमिन घेऊन आडवी. मक्यानं भरलेली तीच बोट अटलांटिकवर मोठाल्या लाटांत सावकाश, डौलात हलत होती. दोन्ही वेळी बोट तीच, कॅप्टन तोच.

यावरचे उपाय बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं, शिकवले. बोसन रत्नागिरीचा, मुलांना ‘बाळा’ म्हणायचा. जेवणाच्या टेबलावरचं कापड ओलं करायचं, ताटं सरकत नाहीत. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सारायचं. गादी आणि भिंत यांच्यात खोबण होते आणि मूल रात्री खाली पडत नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडा टोस्ट चावत राहायचं. मुलांना बोट लागली ती एकच दिवस. दुसऱ्या दिवशी ती कॉरिडॉरमध्ये उतार येईल तशी घसरत होती, आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरून त्यांना ओरडत होते. अर्थात उपयोग शून्य.

5. पाणी.

सांगवीकरांना हे सांगावं लागत नाही. पिंपरी-चिंचवडला आता कित्येक वर्षं एक दिवसाआड नळ येतो. पण बोटीवरचं पाणी कसं येतं ते मुलांनी जरूर बघावं. मुख्य इंजिन थंड ठेवायला जे पाणी फिरतं, ते तापलेलं असतं. त्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळवतात. पोकळी निर्माण केलेली असल्यामुळे ते पन्नास अंशांच्या आसपासच उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी. आमच्या बोटीवर दिवसाला वीसेक टन निघायचं. मात्र इंजिन चालू हवं, आणि किनाऱ्याजवळच्या घाण पाण्यात हे यंत्र लावत नाहीत. म्हणजे बोट नांगरावर उभी राहिली की टाकीत आहे तेवढंच.

पनामाच्या उपसागरात कालव्याची पाळी येईपर्यंत आम्ही नांगर टाकून होतो. पाण्यावर निर्बंध आले, वॉशिंग मशीन बंद झालं. थोरलीनं आपण होऊन बादली काढली. पुढे कालव्यात शिरल्यावर पायलटानं तिला सांगितलं, की एक बोट पलीकडे न्यायला गातून तलावातलं वीस कोटी लिटरच्या घरातलं गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. ती बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, ‘आई, यांना एक दिवसाआड करायला सांग.’

6. शाळा बुडते, अभ्यास बुडवू नका.

बालभारतीची पुस्तकं नेली होती. सकाळी नऊ ते अकरा केबिनमध्ये पाटी-वही, सुट्टी फक्त रविवारी. गणित आणि मराठी माझ्याकडे. भूगोल सेकंड ऑफिसरनं अंगावर घेतला, ब्रिजवर, खऱ्या चार्टवर. दुपारी बाराची जागा तो पेन्सिलीनं मांडायचा, थोरली तेच अक्षांश-रेखांश आपल्या वहीत उतरवायची. वेग तेरा नॉट्स, चोवीस तासांत 312 सागरी मैल, म्हणजे 578 किलोमीटर. दिवसरात्र न थांबता चालून आम्ही पुण्याहून नागपूरलाही पोचलो नसतो. जपान ते पनामा हा पल्ला तीन आठवड्यांहून जास्त का चालतो, हे त्या पोरीला भागाकारानं कळलं, आणि ‘आलं का?’ हा प्रश्न बंद झाला.

पूर्वेकडे जाताना दर पंधरा रेखांशांना घड्याळ एक तास पुढे. मुलांची झोप तेवढी कमी, सकाळची किरकिर तेवढी जास्त. आणि मग मध्यावर आंतरराष्ट्रीय वाररेषा. कॅप्टननं फळ्यावर नोटीस लावली: आज गुरुवार, उद्याही गुरुवार. माझा गुरुवारचा उपवास. एक धरायचा की दोन? मेसमध्ये परिषद भरली. बोसनचं म्हणणं, दत्ताला रेषाबिषा माहीत नाही, दोन्ही धरा. हे म्हणाले, सांगवीत आज काय वार आहे ते धर. धाकट्याला साबुदाण्याची खिचडी हवी होती, त्यामुळे त्याचं मत दोन उपवासांना. मी दोन धरले, कारण साबुदाणा पुरेसा होता.

वहीत अक्षांश-रेखांश उतरवायच्या त्या सवयीचा उपयोग पुढेही झाला. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, असं करणारे पहिले भारतीय. छप्पन फुटी शिडाची बोट, गोव्यात दिवाडीला बांधलेली. थोरली तेव्हा कॉलेजात होती, आणि बातमी येईल तशी नकाशावर खूण करायची. सैन्याच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सची ‘तृष्णा’ तर 1985-87 मध्येच जगाला फेरी मारून आली होती. त्याच कोअरचं कॉलेज, सी.एम.ई., आमच्या शेजारी दापोडीला, आणि आम्हाला पत्ता नाही. शिडावर जाणारी ती माणसं खरी दर्यावर्दी. आम्ही सव्वादोनशे मीटर लांबीच्या लोखंडावर इस्त्रीच्या चादरी घालून झोपणारे भाडेकरू.

7. डॉक्टर नसतो.

मालवाहू बोटीवर डॉक्टर नसतो, औषधपेटी असते आणि ती बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते. पॅसिफिकच्या मधोमध धाकट्याचा कान दुखायला लागला, रात्रीतून ताप चढला. जमीन कुठल्याही बाजूला कित्येक दिवसांवर. तिथं हेलिकॉप्टर पोचत नाही. माझे हातपाय गळाले. सेकंड ऑफिसरनं जाडजूड वैद्यकीय पुस्तक काढलं आणि एकेक विचारत लिहून घेतलं: ताप किती, नाडी किती, कानातून काही येतं का, मान वाकते का, उलटी झाली का, आधी कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आली होती का. हे सगळं टेलेक्सनं रोमला गेलं. तिथं सी.आय.आर.एम. नावाचं केंद्र आहे, 1935 पासूनचं. कुठल्याही देशाच्या बोटीला फुकट सल्ला देतं. काही तासांत उत्तर आलं, पेटीतलं कुठलं औषध, किती, किती वेळा, आणि उद्या याच वेळी पुन्हा कळवा. तिसऱ्या दिवशी पोरगा पिंगपाँगच्या टेबलाखाली लपला होता.

त्या रात्री मी काय शिकले, तर ‘त्याला बरं वाटत नाहीये हो’ असं रोमला कळवता येत नाही. थर्मामीटर वाचता यायला हवा, नाडी मोजता यायला हवी, मुलाचं वजन पाठ हवं. निघण्याआधी कान आणि दात तपासून घ्या. मुलांच्या जुन्या औषधांची चिठ्ठी पासपोर्टला टाचा.

8. तुम्ही काय करणार, ते आधी ठरवा.

मुलांना बोट भरपूर. नवऱ्याला काम आहे. बाईला मात्र बोटीवर काहीच काम नसतं. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, बाजार नाही. पहिला आठवडा सुखाचा, पुढे अंगावर येतं. पंचवीस पुरुषांत तुम्ही एकट्या, सगळे अदबीनं ‘मॅडम’ म्हणणार आणि वाट सोडून उभे राहणार. मी स्मोक रूममधली पुस्तकं लावली, त्यांची यादी केली, पडद्यांना शिवण घातली. गॅलीत पाऊल टाकण्याआधी मात्र चीफ कुकला विचारा. ते त्याचं राज्य. आमचा कुक गोव्याचा, पहिल्या दिवशी माझ्या गोड्या मसाल्याच्या डब्याकडे त्यानं संशयानं बघितलं होतं. होळी अटलांटिकवर आली तेव्हा त्यानंच हाक मारली. पुरण त्यानं वाटलं, पोळ्या मी लाटल्या, पहिली पोळी बोट हलल्यामुळे तव्यावरून थेट जमिनीवर. बाकीच्या पंजाब्यापासून बंगाल्यापर्यंत सगळ्यांनी खाल्ल्या.

1999 मध्ये सोनाली बॅनर्जी भारतातली पहिली महिला मरीन इंजिनिअर झाली. आता एखाद्या घरी आई खाली इंजिनात आणि बाप सुपरन्यूमररी असंही होईल. त्या बापानंही हा मुद्दा वाचावा.

9. डॉल्फिन, उडते मासे, सूर्यास्त.

दिसतात. छान असतात. चौथ्या दिवशी मुलं बघायला उठत नाहीत. पनामाच्या लॉकमध्ये मात्र अंगावर काटा येतो: बोट बत्तीस मीटर रुंद, लॉक साडेतेहतीस, दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट, रुळांवरची इंजिनं दोर ताणून बोट मधोमध धरतात, आणि पाणी भरत जातं तसं अख्खं जहाज वर उचललं जातं. एवढ्यासाठी शाळा बुडवायला हरकत नाही.

10. उतरण्याची तयारी चढण्याआधीच करा.

यांचं कॉन्ट्रॅक्ट आमच्यानंतरही चालू राहणार होतं. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, म्हणून आम्ही सुएझला उतरायचं ठरलं. कालव्यात दिवसभर मजा. दोर बांधायला बोटीवर घेतलेल्या इजिप्शियन लोकांनी डेकवर चादर पसरून पिरॅमिड, उंट आणि पितळी ताटल्यांचं दुकान मांडलं होतं, आणि धाकटा त्यांच्याशी मराठीत घासाघीस करत होता. संध्याकाळी लाँच आली. तोवर आमच्या घरात दर वेळी बाबा निघायचा आणि आम्ही दारात उभे असायचो. या वेळी आम्ही निघालो आणि तो कठड्याशी. धाकट्यानं खालून विचारलं, ‘बाबा, तू एकटा जेवणार?’ यांनी अंगठा खाली केला, मग मनगट फिरवलं. त्या खुणेचा अर्थ दोघांनी मला अजून सांगितलेला नाही.

घरी आल्यावर फरक पडला तो मुलांच्या प्रश्नांत. पूर्वी फोन आला की ‘कधी येणार?’ आता ‘कुठला माल आहे? पाणी बनतंय का? सेकंडशी पटतं का?’ हे फोनवर जास्त बोलायला लागले.

11. आता निघणाऱ्यांसाठी.

आमचा मार्ग तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. 2008 नंतर एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा उपद्रव इतका वाढला की त्या टापूत घरच्यांना नेणं बंदच झालं. तो ओसरतो तोवर 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हुथींनी बोटींवर हल्ले सुरू केले आणि कित्येक बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. कंपनीला बोट कुठे जाणार ते विचारा. वाटेत बदल झाला तर मुलांना कुठे उतरवाल तेही विचारा. ‘बघू’ असं उत्तर आलं तर या खेपेला जाऊ नका.

मुलं पाच वर्षांच्या आतली नकोत, आणि दहावीतलीही नकोत. साबुदाणा, मेतकूट, एक माप मोठ्या चपला, पत्ते, बुद्धिबळ, वाढदिवसाच्या मेणबत्त्या घ्या. आणि परवा एकीनं विचारलं तसं विचाराल, की काकू, आता बोटीवर वायफाय असतो ना? असतो. त्याचा पासवर्ड निदान वाररेषा ओलांडेपर्यंत मुलांना देऊ नका.